दिंडीतून दिसलेला लक्ष्मी रोड

ज्येष्ठ वद्य नवमी, रात्री

पाय आता बोलायला लागलेत. इतकी वर्षं पालखी फुटपाथवरून बघितली, आज दिंडीतून चाललो. संचेतीच्या चौकापासून थेट नाना पेठेपर्यंत. दिंडी माउलींच्या रथामागची. विणेकरीबुवांना आधी विचारून घेतलं. म्हणाले, "चला की माउली. टाळकऱ्यांच्या रांगेत तेवढं शिरू नका, मागनं या."

तुकोबांचा रथ पुढे निघून गेला होता. १६८५ मध्ये तुकोबांच्या मुलाने, नारायणमहाराजांनी, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. माउलींची पालखी वेगळी निघायला लागली ती पुढे, हैबतबाबा आरफळकरांमुळे. पुण्यात मात्र दोन्ही पालख्या एकाच दिवशी येतात आणि शेजारशेजारी उतरतात. तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउली भवानी पेठेत पालखी विठोबाला.

लकडी पूल ओलांडून अलका चौकात आलो आणि वेग पार संपला. दिंडीत चालणं कमी, थांबणंच जास्त. पुढचे अडले की टाळकरी जागच्या जागी पावली धरतात, बायका फुगड्या घालतात, कंटाळलेलं कुणी दिसत नाही. मी आपलं वर बघत होतो. लक्ष्मी रोडवर एरवी मान वर करायची सोय कुठे? मागून हॉर्न बसतो. साड्यांच्या दुकानांच्या पाट्यांवर जुन्या वाड्यांच्या लाकडी गॅलऱ्या अजून शिल्लक आहेत, आणि आज त्या माणसांनी गच्च भरल्या होत्या.

आणि वाटप! केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या, रेनकोट, बिस्किटांचे पुडे. दर पन्नास पावलांवर एक मांडव, प्रत्येक मांडवाला बॅनर, बॅनरवर चेहरे. पुणेकरांच्या भक्तीबद्दल शंका नाही, पण द्यायची हौस जरा जास्तच. दिंडीचा ट्रक सामान घेऊन दुसऱ्या रस्त्याने मुक्कामी गेलेला असतो. म्हणजे हातात पडेल ते मुक्कामापर्यंत स्वतःच वागवायचं.

माझ्या पुढे परभणीकडच्या एक आजी होत्या. डोक्यावर तुळशीवृंदावन, एक हात त्याला, दुसऱ्या हातात पिशवी. गणपती चौकात एका पोराने त्यांच्या पिशवीत बिस्किटाचे चार पुडे कोंबले आणि लगेच फोटोसाठी वळला. आजींनी दोन पावलं पुढे जाऊन ते सगळे कडेला उभ्या असलेल्या सफाई कामगार बाईंच्या हातात दिले. "घे माय, लेकरांना होतील. मला वझं होतंय."

ज्यांच्या मांडवात खरी रांग होती, ते काहीच वाटत नव्हते. नाना पेठेत एक चांभारकाका फुकट चपला शिवून देत होते आणि पलीकडे कॉलेजची मुलं पायांना तेल लावून देत होती. आजींनी तिथे मात्र वृंदावन खाली उतरवलं आणि निवांत बसल्या.

उद्या मुक्काम, परवा माउली दिवेघाटाकडे. ट्रक लावलाय तिथे जाऊन दिंडीच्या स्वयंपाकाचं बघणाऱ्या मामांना विचारलं, काय आणू? जेवणासाठी प्रत्येकाने भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरलेली असते, त्यामुळे ते आधी नकोच म्हणाले. मग जरा थांबून, "गोडेतेलाचा एक डबा चालंल. चहा पावडर असली तर बघा. बिस्किटं नका आणू."

भवानी पेठेतच मिळेल सगळं. सकाळी दुकानं उघडली की आधी तेच काम.