शेवटची गोळी किती वाजता?

खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता, आणि माझं सगळं खोटं आकड्यांत असायचं. दिवसाला बारा गोळ्या असतील तर सहा सांगायच्या, चार पेग असतील तर दोन. डॉक्टर मनातल्या मनात दुप्पट करून घेतात असं ऐकलं होतं, म्हणून पुढे पुढे मी चारच सांगायला लागले. गोळ्यांचं व्यसन सोडवायला देतात त्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधासमोर मात्र हा हिशेब चालत नाही. ते कळायला मला एक दुपार लागली, आणि तशी दुपार वैऱ्यावरही येऊ नये.

सुरुवातीचं फार सांगत नाही, ती बहुतेकांची सारखीच असते. पाठीचं ऑपरेशन झालं, दुखण्यासाठी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या, गोळ्या मिळाल्या. जखम भरली, गोळ्या राहिल्या. रात्री झोप येईना म्हणून दारू आली. दोन्ही एकत्र घेतल्यावर श्वास मंदावतो, झोपेत थांबूही शकतो, हे मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग!

याआधी एकदा मी सगळं एकदम बंद केलं होतं. टर्की काढली, म्हणजे नशा तुटल्यावरचे हाल सोसले, तीन आठवडे कोरडी राहिले आणि मग एका संध्याकाळी जुन्या सवयीने जुनाच डोस घेतला. तीन आठवड्यांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, डोक्यातला आकडा मात्र तोच असतो. ताईला मी सापडले तेव्हा ओठ निळे पडले होते. ओपिऑइडचा अंमल उतरवणाऱ्या नॅलोक्सोनच्या इंजेक्शनने परत आले. शुद्धीवर आल्याबरोबर कुणाचे आभार वगैरे मानले नाहीत, नशा उतरवली म्हणून चिडले. हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

त्यानंतर ताईने मला औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. पहिल्या भेटीत तिने दबक्या आवाजात विचारलं, “दारू प्यायल्यावर उलट्या होतात ती गोळी हिच्या नकळत देता येईल का?” डायसल्फिरामबद्दल बोलत होती. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. ती गोळी घेऊन वर दारू प्यायली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या डोसानंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. “ज्याला द्यायची त्याला ठाऊक असलंच पाहिजे. नकळत देणं म्हणजे जिवाशी खेळ,” त्या म्हणाल्या. मी खुर्चीत बसून ताईकडे रागाने बघत होते. बाई माझ्या बाजूने बोलताहेत, हे लक्षात यायला वेळ लागला.

दारू आणि गोळ्या दोन्ही असल्यामुळे मला भरती केलं. लोकांना वाटतं गोळ्या सोडणं जास्त धोक्याचं. प्रत्यक्षात ओपिऑइडची टर्की जीव नकोसा करते, पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर ती जीव घेऊही शकते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होण्याचा काळ. म्हणून आधी थायमिनचं (बी-1 जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन आणि बारीक लक्ष ठेवून झोपेच्या गटातलं औषध, मोजून मापून.

आता ती दुपार. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागी जाऊन बसतं जिथे आपल्या गोळ्या बसतात, आणि त्यांच्यापेक्षा घट्ट बसतं. पण काम अर्धवट करतं. त्यामुळे तलफ भागते, विड्रॉल (म्हणजे टर्कीच) थांबतो, तरी नशा एका पातळीपुढे चढत नाही. गोम एवढीच की आधीच्या गोळ्यांचा अंमल चालू असताना हे घेतलं, तर ते त्यांना ढकलून बाहेर काढतं आणि जो विड्रॉल दोन दिवसांत हळूहळू आला असता तो अर्ध्या तासात अंगावर येतो. म्हणून थांबायचं असतं. कमी वेळ टिकणाऱ्या गोळ्यांसाठी साधारण 12 ते 24 तास, मेथाडोनसारख्या जास्त वेळ टिकणाऱ्यांसाठी त्याहून जास्त. टर्की नीट लागली की मगच पहिली गोळी.

ती लागली का हे मोजायची 11 गोष्टींची एक यादी असते. नाडी, घाम, जांभया, नाक वाहणं, अंगावरचा काटा, हाडं ठणकणं, बाहुल्यांचा आकार, असं सगळं. प्रत्येकाला गुण. परीक्षेत एवढे गुण मिळवायची धडपड मी कधी केली नव्हती.

“शेवटची गोळी किती वाजता?” सिस्टरने विचारलं.

“काल रात्री दहाला.”

खरं तर पहाटे साडेपाचला बाथरूममध्ये एक घेतली होती. मोज्याच्या घडीत लपवून आणलेली, शेवटची. हात थरथरत होते, घाम फुटला होता, नाडी पळत होती, पण तो सगळा दारूचा विड्रॉल होता आणि यादीत गुण मात्र पडत गेले. सिस्टर टॉर्च मारून डोळ्यांत बघत राहिल्या. “बाहुल्या बारीकच आहेत हो अजून. नक्की दहाला?” ओपिऑइडच्या अंमलाखाली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, टर्कीत ती मोठी होते. माझं तोंड सोडून बाकी सगळं खरं सांगत होतं. मी ताईची शपथ घेतली.

साडेदहाला 2 मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली ठेवली. अकराला पोटातून पिळा सुरू झाला. पुढच्या चार तासांतलं सलग काही आठवत नाही, तुकडे आठवतात. बादलीची निळी कडी. पाय, जे माझे नव्हतेच, आपले आपण झाडले जात होते. एकाच वेळी थंडी आणि आग. “साडेपाचला,” मी कधीतरी ओरडले, “पहाटे साडेपाचला घेतली होती!” डॉक्टरबाईंनी फक्त घड्याळाकडे पाहिलं आणि केसपेपरवर लिहिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उलटीचं, जुलाबाचं, अंग शांत व्हायचं औषध दिलं. संध्याकाळी त्या परत तीच गोळी घेऊन आल्या. मी लहान मुलासारखं तोंड मिटून घेतलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. “दुपारी जी जागा रिकामी झाली ती आता हीच भरेल,” एवढंच बोलल्या. भरली. रात्री नऊच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की मी कितीतरी वेळ छताकडे नुसती बघतेय आणि मला काहीही नकोय. गुंगी नव्हती. नुसतं ‘नकोय’.

पुढच्या दिवसांत डोस वाढत 12 मिलिग्रॅमवर स्थिरावला. दारूसाठी मला नाल्ट्रेक्सोन हे तलफ कमी करणारं औषध हवं होतं, कारण वॉर्डातल्या एकीला त्याने फरक पडला होता. पण ते ओपिऑइडची जागाच अडवून बसतं. ब्युप्रेनॉर्फिनवर असताना घेतलं तर पुन्हा तीच दुपार. नाव काढायचं नाही असं मीच ठरवलं. मग किडनीची तपासणी करून दारूसाठीचंच दुसरं औषध, अ‍ॅकॅम्प्रोसेट, सुरू झालं, 333 मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. ब्युप्रेनॉर्फिनने पोट साफ होत नाही आणि अ‍ॅकॅम्प्रोसेटने ढिलं होतं. माझ्या पोटात दोघांचं बऱ्यापैकी जमलं.

घरी आल्यावर मोठ्या काकांनी ऐकवलंच, “एक व्यसन सोडून दुसरं धरलंस.” तेव्हा गप्प बसले, कारण अर्धं खरं होतं. शरीराला हिची सवय आहे. अचानक बंद केली तर विड्रॉल येणार. पण ही गोळी मी मोज्यात लपवत नाही. ती संपत आली म्हणून रात्री बारा वाजता कुणाकडे रडत जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, हे नंतर वाचलं आणि काकांना पाठवलं. त्यांचं काही उत्तर आलं नाही.

चौथ्या महिन्यात स्लिप झाली. गोळ्यांची नाही, दारूची. दोन पेग. ब्युप्रेनॉर्फिनवर दारू म्हणजे श्वासावर दुहेरी ओझं, हे पाठ होतं, म्हणून दुसरा संपताच फोन लावला. सिस्टरच होत्या. “किती घेतली? किती वाजता?” दोन, पावणेआठ आणि सव्वाआठ, मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. मला वाटतं, मनात दुप्पट करत होत्या. मग म्हणाल्या, “बरं. एकटी झोपू नका. ताईंना द्या फोन.”

आता दीड वर्ष झालं. डोस 8 वर आला आहे. पुढे कमी करायचा का, कधी, याची डॉक्टरबाईंना घाई नाही, मलाही नाही. सकाळी गोळी जिभेखाली ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत सात-आठ मिनिटं गप्प बसायचं, कारण गिळली तर फुकट जाते. मग पाण्याने तोंड फिरवायचं आणि तासभर ब्रश करायचा नाही, दातांसाठी. ही सात-आठ मिनिटं ताईच्या मुलीने बरोबर हेरून ठेवली आहेत. मावशी नाही म्हणू शकत नाही, हे तिला माहीत आहे. आज ती माझा मोबाइल हातात घेऊन समोर उभी राहिली. “घेऊ ना? घेऊ ना?” मी मान जोरात हलवली. “हो म्हणाली!” ओरडत पळाली.