मोटर भरण्यापासनं बेस गिटारपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या दुकानाचा बोर्ड वाचून अजून पण लोक आत येतात आणि विचारतात, पाण्याची मोटर भरून मिळंल का. चूक त्यांची नाही, बोर्ड आण्णांच्या काळातला आहे आणि मी तो काढला नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आण्णांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरा यायच्या, उन्हाळ्यात तर दारात रांग. मी डिप्लोमा करून तिथंच बसलो. आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो, म्हणजे मागं उभं राहून, कारण बेसवाल्याकडं कोण बघतंय.

धंदा सुरू झाला तो एका बंद पडलेल्या पिकअपमुळं, म्हणजे तारांखाली बसवलेली, आवाज पकडणारी कॉइल. ऑर्केस्ट्रातल्या बेसचा आवाज गेला, मीटर लावला तर कॉइल ओपन, आतली तार तुटलेली. म्हणलं वाइंडिंगच आहे की, आपला रोजचाच उद्योग. पण पिकअपची तार अमेरिकन मापानं ४२ गेजची असते, केसापेक्षा बारीक, आणि तिचे आठ-दहा हजार वेढे द्यायचे असतात. आमच्याकडं तसली तार कुठली असायला, मी हाताशी असलेल्यातली सगळ्यात बारीक वापरली, वेढे बसले निम्म्यापेक्षा कमी, आवाज आला खरा पण डबड्यात बोलल्यासारखा. मग तार मागवली, शिलाई मशीनच्या मोटरवर फिरकी बसवली, वेढे मोजायला सायकलचा काउंटर लावला आणि चौथ्या टायमाला जमलं. आण्णा बघत होते, म्हणाले पाच हॉर्सपॉवरची मोटर भरली असतीस एवढ्या वेळात. खरंच होतं ते.

पण बातमी पसरली. सांगली, इचलकरंजी, बेळगावहून पोरं यायला लागली, मग गोव्यातनं. गोव्याचं प्रकरण वेगळंच आहे, तिथले जुने वादक जहाजावर वाजवायला जायचे आणि येताना परदेशातनं वाद्य घेऊन यायचे, ते घरात पलंगाखाली पडून असतंय, खाऱ्या हवेनं ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, आणि स्क्रू गंजलेले. अशी वाद्यं रिपेअरला यायची आणि मालक सहज विचारायचा, विकली तर काय येतील ओ? मला सांगता यायचं नाही. आणि सांगता येत नाही हे कबूल करायला पण यायचं नाही, हा जास्त मोठा प्रॉब्लेम.

त्याची फी मी २००९ मध्ये भरली. एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडनं १९७४ चा प्रिसिजन, म्हणजे अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा एक बेस, घेतला, १ लाख ८० हजार, त्यात बायकोची एफडी मोडलेली. प्लेटवरचा सिरियल नंबर बरोबर होता, दिसायला झकास होता, मी तिथं उघडून बघितलाच नाही, लाज वाटली उघडा म्हणायची. घरी येऊन नेक, म्हणजे बोटं फिरतात ती दांडी, काढली. नेकच्या बुडाला चार भोकं होती आणि त्यांच्या शेजारी आणखी चार, काड्या ठोकून बुजवलेली. म्हणजे नेक दुसऱ्याच कुठल्या तरी बॉडीवरनं आलेली. सिरियल नंबरची प्लेट तर चार स्क्रूवर असते, कुणी पण काढून कशावर पण लावू शकतंय. बॉडी खरी, पिकअप खरे, नेक भलतीच, आणि असल्या वाद्याला जोडकामाची किंमत येते, अस्सलची येत नाही. ८५ हजाराला गेला तो शेवटी. विकताना मी सगळं सांगून विकला, बुजवलेल्या भोकांचा फोटो देऊन.

तेव्हापासनं नियम एकच, उघडल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. गिऱ्हाईक कितीबी घाईत असू दे.

उघडल्यावर काय बघतो ते सांगतो, यात लपवण्यासारखं काय नाही. आधी आत व्हॉल्यूम-टोनचे पॉट, म्हणजे बटणाखालचे फिरते भाग. त्याच्या पाठीवर किंवा कडेला नंबर ठोकलेला असतो, समजा १३७७४२८. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७४ साल, २८ वा आठवडा. पण हे पॉट बनल्याचं साल, गिटारीचं नव्हे. फेंडरनं १९६६ च्या सुमाराला पॉटचा एवढा साठा घेऊन ठेवलेला की पुढची दोन-तीन वर्षं तेच बसवत होते. त्यामुळं पॉटवरनं एवढंच कळतं की वाद्य त्याच्या आधीचं नाही, आणि ते पण डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, मूळचा असेल तरच. डाग बघायची मला सवय आहे, जुना सोल्डर राखाडी मळकट दिसतो, नवा चमकतो. हे मोटरच्या धंद्यानं शिकवलं.

मग नेकचा बुडखा. तिथं शिक्का असतो, आणि तो वाचताना भले भले फसतात. एकानं मला फोटो पाठवला, ५ ऑक्टोबर ६५ चा बेस आहे म्हणून खूश. शिक्का होता ५, ऑक्टोबर, ६५, सी. त्यातला ५ म्हणजे तारीख नाहीच, तो प्रिसिजनचा मॉडेल नंबर, फेंडरचाच दुसरा बेस जॅझ, तो असता तर ७ आला असता. सी म्हणजे नटपाशी, नेकच्या वरच्या टोकाला तारा जिथं टेकतात तिथं, रुंदी पावणेदोन इंच. महिना आणि साल तेवढं खरं.

आता हे साल का एवढं महत्त्वाचं, तर जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्हीच्या कंपनीला विकली गेली आणि जमवणारे लोक त्या तारखेला रेघ मारतात. रेघेच्या आधीचा महाग, नंतरचा स्वस्त. माझं मत विचाराल तर ६५-६६ चे बेस आधीच्यांपेक्षा फार काय वाईट नाहीत, कारखान्यात माणसं तीच होती, लाकूड तेच होतं. सत्तरच्या दशकात मात्र ढिसाळपणा आला, काहींच्या नेकच्या खाचेत पोस्टकार्ड जाईल एवढी फट, आणि वजन म्हणाल तर पाच किलोच्या घरात, दोन तास गळ्यात अडकवून दाखवा. तरी स्लॅप, म्हणजे अंगठ्यानं तार ठोकून, वाजवणारी पोरं सत्तरचाच जॅझ मागतात, आणि ऐकल्यावर का ते कळतं.

रंगाचं तर विचारूच नका. जुना बेस कुणी हौसेनं परत रंगवला की किंमत साधारण निम्म्यावर येते. आणि कोल्हापुरात रंगवायची हौस लई. गाडी रंगवणाऱ्याकडं नेऊन भगवा मारून आणलेला एक आलाय माझ्याकडं, मंडळाच्या मिरवणुकीसाठी. खालनं मूळचा सनबर्स्ट, म्हणजे मधे फिका आणि कडेला गडद होत जाणारा रंग, दिसत होता. मी काय बोललो नाही, पोरगं खूश होतं.

नव्या वाद्यात आमचा जास्त धंदा आहे, विंटेज वर्षाला दोन-चारच. कॉलेजची पोरं येतात, बजेट वीस हजार. त्यांना मी ब्रँड नंतर सांगतो, आधी नेक धरून बघ म्हणतो, जॅझची नटपाशी ३८ मिलिमीटर असते, प्रिसिजनची रुंद, बारीक बोटाच्या पोरांना पहिला बरा पडतो. फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं हाताला टोचतात का ते बघायचं. सगळ्यात बारीक जी (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर धरून ठेवायचा, तिथं एखादा सूर लवकर मरतो, थोडं असतंच, पण लगेच मरत असेल तर दुसरा पीस मागायचा. अॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेला, घेतला तर ९ व्होल्टची बॅटरी जवळ ठेवायची, गणपतीच्या स्टेजवर ती संपल्यावर माझा फोन वाजतो. आणि जपानी जुना मिळाला तर सोडू नका. १९८२ ला फेंडर जपान सुरू झालं, त्याच्या सुरवातीच्या, जेव्हीनं (JV) सुरू होणाऱ्या सिरियल नंबरांच्या वाद्यांना आता लोक शोधत फिरतात, पूर्वी कुणी विचारत नव्हतं.

आषाढात मात्र आमच्याकडं नव्या-जुन्याचा भेद नसतो. दमट हवेनं सगळ्यांच्याच नेका हलतात, ट्रस रॉडचं, म्हणजे नेकच्या आतला बाक ठरवणाऱ्या सळईचं, काम महिनाभर पुरतं. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका दिवसात फिरवायचा नाही, हे मी पोरांना ओरडून सांगतो आणि ते घरी जाऊन एक फेरा मारतातच.

आत्ता टेबलावर एक प्रिसिजन आहे, गडहिंग्लजच्या एका निवृत्त वादकाचा. पाठीवर पट्ट्याच्या बक्कलनं रंग पार लाकडापर्यंत घासलाय. पॉट, शिक्का, डाग सगळं जुळलं, आकडा ऐकून काका खुर्चीत बसले. मुलगा म्हणतो पाठ रंगवून मग विकूया, काकू म्हणतात विकायचाच नाही. मी रंगवू नका एवढंच म्हणलं. त्यांचं ठरेपर्यंत केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलाय.