तुम्ही विचारलंत म्हणून: आईला बोटीत नेऊ का?

ऑक्टोबर उजाडला की फोन सुरू होतात. मालवणजवळ देवबागला आमच्या चार खोल्या आहेत, न्याहारी-निवासाच्या. भाडं किती, मासे ताजे असतात ना, हे दोन प्रश्न संपले की पलीकडचा माणूस जरा थांबतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "सोबत आमची आई आहे. बहात्तर वर्षांची. तिला बोटीत बसता येईल का हो?" आई त्याच खोलीत बसलेली आहे, हे त्या खाली आलेल्या आवाजावरूनच कळतं.

कधी आईच्या जागी गुडघे बदललेले बाबा असतात, कधी चार वर्षांची मुलगी, कधी पोलिओ झालेला भाऊ, तर कधी फोन करणारी स्वतःच, पोहता न येणारी. दरवेळी तुकड्यातुकड्यांनी उत्तर देते, आज सलग लिहिते.

आधी माझं पाप सांगून टाकते. लग्न होऊन इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी पुण्याहून माझी आत्या आली होती. आम्ही नऊ जण सिंधुदुर्ग किल्ल्यावर निघालो आणि आत्याला मालवणच्या धक्क्यावर बसवून गेलो. "तुला नाही जमायचं, ऊन आहे, तू बस इथे." नऊ जणांच्या पर्सा आणि पिशव्या तिच्या भोवती. तीन तासांनी परत आलो तर म्हणाली, "माझ्यापेक्षा थोराड बाई बसून गेली बघ त्या बोटीत. मला एकदा विचारायचं तरी!" खरं तर ती आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पोहलेली. लहानपणी नीरेच्या पात्रात उड्या मारायची.

तेव्हापासून मी वय विचारणं सोडलं. मी विचारते, "दीड फुटाची पायरी त्या चढतात का? हात धरला तर?" कारण बोटीत बसणं सोपंच असतं, बाकावर बसलेल्या माणसाला करायचं काहीच नसतं. खरी अडचण आहे ती जमीन आणि बोट यांच्या मधल्या दीड फुटाची. जमीन हलत नाही, बोट हलते, आणि नेमकं पाय उचलला की ती खाली जाते.

हा दीड फूट दिवसभर सारखा नसतो, हे शहरातल्या माणसाच्या डोक्यात येत नाही. आमच्याकडे उधाणाला भरती आणि सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पाण्यात दोनेक मीटरचा फरक पडतो, म्हणजे पुरुषभर उंचीचा. भरतीला बोट धक्क्याच्या बरोबरीने उभी असते, सुकतीला तीच बोट खाली गेलेली आणि मधल्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. सकाळी दहाला ज्या बाई मजेत बसून गेल्या, त्यांनाच दुपारी उतरताना दोन माणसं लागतात. म्हणून दिवस ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, सव्वाअकरा येतात. अष्टमीला सहा. त्रयोदशीला पावणेदहा. तासभर इकडेतिकडे होतं, पण कोकणातली जुनी माणसं याच हिशोबावर चालली. थोरांना घेऊन यायचं तर एकादशी ते त्रयोदशी हे दिवस मला बरे वाटतात, शुद्ध असो वा वद्य. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान पाणी भरलेलं असतं आणि वारा अजून उठलेला नसतो. चतुर्थीला गणित उलटं, पहाटे तीनला भरती आणि सकाळी नऊला पाणी पार खाली.

वाऱ्याचंही तसंच. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी तेलासारखं गुळगुळीत. बारा वाजून गेले की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि लाटांना टोकं येतात. माझा दीर बोटीवर असतो. दुपारचं जेवण आटपून "आता जाऊया का" विचारणाऱ्यांना तो एकच वाक्य बोलतो, "आता जाव नकात, वारो पडलो नाय हा." ते त्याला आळशी समजतात.

देवबागच्या खाडीकडे धक्काच नसतो बऱ्याच ठिकाणी. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाळूत टेकवतात आणि काठावरून पाय टाकून आत जायचं. तो काठ मांडीला लागतो. गेल्या डिसेंबरात साताऱ्याच्या एक काकी आल्या, दोन्ही गुडघे बदललेले. मुलगा म्हणाला, आई खोलीवर थांबेल. मी काकींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "जायचं तर आहे, पण तमाशा नको." दिराने आमच्या ओसरीवरची प्लास्टिकची खुर्ची उचलली, हातवाली, आणि घोटाभर पाण्यात बोटीला टेकवून ठेवली. एका खलाशाने खुर्ची दाबून धरली, दुसऱ्याने बोट. काकी आधी खुर्चीवर पाठमोऱ्या बसल्या, मग हातावर जोर देऊन बोटीच्या काठावर सरकल्या, मग एकेक पाय उचलून आत वळवला. गुडघा काटकोनापलीकडे कुठेच वाकवावा लागला नाही. "काकीनू, घाबरू नकात, मी आसंय मा," दीर म्हणत होता, आणि काकी म्हणत होत्या, "मी नाही घाबरत, तू खुर्ची नीट धर." दोन मिनिटं लागली सगळ्याला. पुढे तासभर कर्लीच्या खाडीत त्या नाळेकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मुलगा मागे वांत्या करत होता.

खाडीतली फेरी हे म्हणूनच माझं पहिलं उत्तर असतं. नदी जिथे समुद्राला मिळते तो संगम, वाळूचं बेट, दोन्ही काठांची माडांची रांग, आणि पाणी शांत. किल्ल्याची फेरी दुसरी. पल्ला छोटाच, पण सुट्टीच्या दिवसांत आधी रांगेत उन्हात उभं राहावं लागतं, मग बोट, मग किल्ल्यात चालणं. दरवाजापासून शिवराजेश्वराच्या देवळापर्यंत आणि पुढे दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींपर्यंत बेताने चालणारा माणूस जातो, तटावर मात्र चढण आहे. बोटवाले ठरावीक वेळ देतात, त्यात हळू चालणाऱ्याची धांदल होते. तेव्हा जादा वेळ लागेल हे आधीच सांगा आणि पुढच्या बोटीने परतता येईल का ते विचारा. आणि ज्यांना पाण्यात पाऊलच टाकायचं नाही त्यांनी दांडीच्या किनाऱ्याला मोरयाचा धोंडा बघावा. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याची पायाभरणी झाली तेव्हाची पूजा याच खडकाजवळ झाली असं आम्ही मानतो. तिथून किल्ला समोर दिसतो आणि रांगही नसते.

आता स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क लावून आणि तोंडात श्वासाची नळी धरून पाण्याखालचं बघणं. "पोहता येत नाही, जमेल का?" जमेल. आमच्याकडे अंगात लाइफ जॅकेट, हातात तरंगती ट्यूब आणि ती ओढायला पाण्यात माणूस, असंच असतं. पोहणारेच जास्त घोटाळा करतात, कारण त्यांना हातपाय मारायची सवय. इथे काहीच करायचं नाही, पालथं पडून खाली बघायचं. अडतं ते श्वासाशी. मास्कने नाक बंद होतं आणि सगळा श्वास तोंडावाटे घ्यावा लागतो. पहिल्या अर्ध्या मिनिटाला भल्याभल्यांना वाटतं की आपण गुदमरतोय. यावर उपाय म्हणजे आदल्या रात्री खोलीत नाक चिमटीत धरून पाच मिनिटं टीव्ही बघा. हसू नका, आठ वर्षांच्या मुलांपासून निवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना मी हे करायला लावलंय. भरघोस मिशी असेल तर मास्क तिथून गळतो, मिशीवर थोडं व्हॅसलीन चोळा. चष्मेवाल्यांना मासे धूसर दिसतात, चष्म्याचा नंबर मोठा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते आधी विचारा. बहुतेकदा नसतो.

पण खरी परीक्षा शेवटी, पाण्यातून बोटीत परत चढताना. याबद्दल कोणी विचारत नाही. बोटीच्या कडेला लोखंडी शिडी अडकवतात. तिची शेवटची पायरी पाण्यात किती खोल आहे हे बघा. दोन पायऱ्या पाण्याखाली असतील तर पाय सहज लागतो. पाण्याबरोबर असेल तर ओलं अंग, जॅकेट आणि स्वतःचं वजन नुसत्या दंडांनी वर ओढावं लागतं. खांदा दुखणाऱ्याला, भारी अंगाच्या माणसाला, पन्नाशीपुढच्या बहुतेक बायकांना ते जमत नाही. मग वरून दोघे दंडाला धरून ओढतात, पोट काठावर घासतं, आणि त्या बाई परत कधी समुद्राचं नाव काढत नाहीत. असं एकदा माझ्याच डोळ्यांदेखत एका वहिनींचं झालं, दंडावर आठ दिवस काळंनिळं होतं. बोट ठरवताना "शिडी दाखवा" म्हणायला लाजू नका. पैसे तुम्ही देताय.

जॅकेटचंही तसंच. अंगाने भारी असाल तर मोठ्या मापाचं आहे का ते फोनवरच विचारा, पट्टा पुरत नाही म्हणून उघडं ठेवलेलं जॅकेट असून नसून सारखं. मुलाला घातलं की जॅकेटचे खांदे धरून त्याला वर उचला. कान जॅकेटात बुडाले तर ते माप त्याचं नव्हे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मापाचं नसेल तर मुलाला पाण्यात उतरवू नका, आणि बोटीतही नेऊ नका. तो रडेल, रडू द्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक गेले. तो चोवीस मे होता, पावसाळा तोंडावर आलेला. आमचा समुद्र त्या दिवसांत भरवशाचा नसतो. जून ते ऑगस्ट तर बंदच असतं सगळं, तरी "पैसे जास्त देतो" म्हणणारे फोन येतातच. पोटातलं मूल, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन, फिट्स, हृदयाचा त्रास, दमा, यावर माझ्याकडे सल्ला नाही, डॉक्टरांकडे आहे. फक्त एवढं सांगते की छोटी बोट लाटेवरून आपटते आणि तो धक्का मणक्याला बसतो. पाठदुखीच्या माणसाने नाळेकडे बसू नये, मागच्या बाजूला बसावं.

साडीत बोटीत बसता येतं, पाण्यात उतरता येत नाही. ओढणी जॅकेटच्या आत खोचा. लघवीची सोय बोटीत नसते, आणि म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग उन्हात चक्कर येते आणि दोष समुद्राला. आमच्याकडून निघताना जाऊन या आणि पाणी प्या. कपडे बदलायला बऱ्याच ठिकाणी ताडपत्रीचा आडोसा असतो, त्याला कडी नसते. सोबत चादर आणा.

व्हीलचेअरबद्दल विचारणारे कमी, आणि विचारतात ते आधीच माफी मागून. खरं सांगायचं तर आमच्या किनाऱ्याला उतार असलेला धक्का मी पाहिलेला नाही, आणि वाळूत चाकं रुततात. उचलून नेणारे चार हात मिळतात, पण उचलून घेणं सगळ्यांना रुचत नाही, आणि का रुचावं? पाण्यात गेल्यावर मात्र गोष्ट पालटते. मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यात दिव्यांगांचा गट असतो. किनाऱ्यावर कुबड्या ठेवून पाण्यात शिरलेला मुलगा बाहेर उभ्या असलेल्या आपल्यापेक्षा पाण्यात मोकळा असतो, हे मी तिथे उभी राहून पाहिलंय. अडचण आहे ती फक्त त्याच्या आणि पाण्याच्या मधल्या पन्नास फूट वाळूची. ती कोणी बुजवायची, हा प्रश्न दरवर्षी मी इथल्या मंडळींना विचारते. सगळे मान डोलावतात. फळ्यांची एक वाट टाकायला किती खर्च येतो?

आणि दिसतं तरी काय? काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे, फुलपाखरासारखे चपटे, कधी खडकाला चोच मारणारा पोपटमासा, थोडं प्रवाळ. थंडीत पाणी निवळ असतं तेव्हा चांगलं, नाहीतर हिरवट धुकं. अंदमान बघून आलेल्यांना हे फिकं वाटेल. तिथे काचेच्या तळाच्या बोटी आहेत, ज्यांना भिजायचं नाही त्यांनी तिकडेच बघावं. आमच्याकडे मासे जमवायला पाव टाकतात, तो टाकू देऊ नका, आणि खडकावर उभं राहू नका. मालवणचं हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे आमच्यातल्याच बऱ्याच जणांना आठवण करून द्यावं लागतं.

एवढं सगळं सांगूनही पलीकडून विचारतात, "बरं, पण आईला नेऊ का?" तेव्हा मी म्हणते, फोन त्यांच्याकडे द्या.

आत्याला पुढच्याच वर्षी बोलावून घेतलं, त्रयोदशी बघून. किल्ल्यावर गेली, सगळ्या विहिरींत डोकावली, परतताना बोटीत शेंगदाणे खाल्ले आणि आमच्या पिशव्या कोण सांभाळतंय म्हणून टोमणा मारला. आता ती ऐंशीची आहे. परवा तिचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही. "बुधवारी द्वादशी पडतेय. खोली रिकामी आहे का, आणि ती खुर्ची आहे ना अजून?"