डावीकडे वळताना

एप्रिलमध्ये हीच गाडी याच रॅम्पवर मी तपासली होती आणि जॉबकार्डवर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून परत पाठवली होती. ऑक्टोबरात ती टोचन करून आली. मालक सत्तरीचे, निवृत्त शिक्षक. गोलचौकात शिरताना त्यांनी पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि डावीकडे फिरवलेलं स्टेअरिंग परत येईना. घाबरून पाय उचलला तेव्हा ते सुटलं, पण तोवर पुढचं चाक फुटपाथवर आपटलं होतं. कुणी पायी जात नव्हतं म्हणून बरं.

गाडी 1977 ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघड्या टपाची. आमचं गॅरेज इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला आहे, आणि जिथे या गाड्या 1980 पर्यंत बनल्या ते अ‍ॅबिंग्डन इथून जवळच. मूळ इंजिन चार सिलिंडरचं, 1798 सीसीचं. या गाडीत रोव्हर कंपनीचं 3528 सीसीचं आठ सिलिंडरचं व्ही-8 घातलेलं. कंपनीने स्वतः 1973 ते 76 मध्ये अशा 2591 गाड्या काढल्या, पण सगळ्या बंद टपाच्या. त्यामुळे त्या काळातली उघडी व्ही-8 एमजीबी दिसली की ते काम कुणीतरी नंतर केलेलं, हे धरूनच चालायचं. रोव्हरचं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, वजनाला जुन्या लोखंडी इंजिनाच्या जवळपास, म्हणून हा बदल इतका लोकप्रिय झाला. इंजिन बसतं. अडचण असते ती त्याच्या आजूबाजूच्या बोट-दोन बोट जागेची. लोक मात्र आल्या आल्या हॉर्सपॉवर विचारतात. स्टेअरिंगचा रॉड कुठून गेलाय, हे आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही.

एप्रिलमध्ये मी काय केलं होतं? गाडी वर घेतली, चाकं सरळ, इंजिन बंद. उजव्या बाजूच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांत) आणि स्टेअरिंग रॉडमध्ये 9 मिलिमीटर जागा. हाताने रॉड हलवला, जॉइंट पाहिले, सगळं चोख.

या वेळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातले माझे मिस्त्री आठवले. डिझेल इंजिन लोडवर चालू असताना ते फाउंडेशनवर, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या बैठकीवर, तळवा ठेवायचे आणि मलाही ठेवायला लावायचे. लोडवर इंजिन सरळ उभं राहत नाही, ते कलतं. मागच्या चाकांना ताकद देणारं इंजिन ड्रायव्हरच्या सीटवरून पाहिलं तर उजवीकडे झुकतं. पहिल्या गिअरला हा पिळा तिपटीहून जास्त होतो. आणि ब्रिटनमध्ये स्टेअरिंग उजवीकडेच! डावीकडे स्टेअरिंग असलेल्या गाडीत तीच बाजू वर उचलली जाते, तिथे मॅनिफोल्ड रॉडपासून दूर जातं. इथे ते रॉडवर येतं.

मॅनिफोल्ड आणि रॉडच्या मध्ये पोरांच्या खेळातल्या मातीचे गोळे दाबून बसवले. चाकांना पुढून ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. सहकारी सीटवर बसला, पहिला गिअर टाकून त्याने रेस देत क्लच हळूहळू सोडला. मी बॉनेटच्या बाजूला टॉर्च धरून. इंजिन उजवीकडे असं वळलं, जणू कुणी खांद्याने ढकललं. माती काढून मोजली: 3 मिलिमीटर. कमी, पण लागत नव्हतं. मग स्टेअरिंग पाव फेरा डावीकडे फिरवून पुन्हा तेच केलं. ‘टक्’ असा आवाज आला आणि सहकारी आतून म्हणाला, “अडकलं.”

रॉडचा जॉइंट आवळणाऱ्या बोल्टचं टोक चाकं सरळ असताना वर असतं. डावीकडे वळवलं की ते फिरून मॅनिफोल्डच्या फ्लँजसमोर, म्हणजे बाहेर आलेल्या कडेसमोर, येतं. वळण आणि लोड, दोन्ही एकत्र आल्याशिवाय ते भेटतच नाहीत. टॉर्च धरला तर बोल्टच्या टोकावर चांदीसारखा घासलेला ठिपका होता. उजव्या बाजूचं फाउंडेशन रबर टॅपेट कव्हरच्या गळक्या पॅकिंगमधून ठिबकलेल्या तेलाने लोण्यासारखं मऊ झालेलं. एप्रिलमध्येही ते तेल तिथे होतं. मी ते पुसलं होतं.

ज्या गॅरेजने हे इंजिन बसवलं त्यांचा मला राग आहे. बोल्ट उलट्या बाजूने घातला असता तरी बरीच जागा सुटली असती. 40 वर्षांवरच्या, मोठा फेरबदल न झालेल्या गाड्यांना इथे 2018 पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही, आणि ‘मोठा फेरबदल’ झाला की नाही हे मालकाने स्वतःच जाहीर करायचं. तशी तपासणी असती तरी लोडवर इंजिन किती झुकतं हे तिथे कोण बघतं?

दोन्ही फाउंडेशन नवी टाकली, पॅकिंग बदललं. इंजिनला चिकटून जाणारी मॅनिफोल्ड काढली आणि एमजीच्याच 1993 च्या आरव्ही-8 गाडीसारखी, आतल्या मडगार्डला भोक पाडून बाहेर निघणारी बसवली. कापलेल्या कडेला दुहेरी पत्रा वेल्ड केला. आता लोडवर, पूर्ण वळणात, सगळ्यात कमी जागा 22 मिलिमीटर. मालकांना शेजारी उभं करून मातीचा गोळा दाखवला. एप्रिलचं कार्डही दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी तेव्हा तुम्हाला डावीकडे वळताना होतं असं सांगितलं होतं.”

सांगितलं होतं. कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

तशीच चिकटून जाणारी मॅनिफोल्ड मी याआधी तीन गाड्यांना लावली आहेत. दोन परत बोलावून मातीने मोजल्या. एकीत 11 मिलिमीटर निघाले, दुसरीत 5, तिचं काम केलं. तिसरी मालकाने विकली. नव्या मालकाचा नंबर अजून मिळालेला नाही.