'क्राफ्ट्समन' टंकन: अंक 16 पूर्ण, झाकलेल्या नावांचा तक्ता सुरू

'क्राफ्ट्समन' हे 5 डिसेंबर 1726 ला लंडनमध्ये सुरू झालेलं, सरकारविरोधी वृत्तपत्र. त्याचा 16वा अंक टंकून झाला. हाच तो पर्शियन पत्राचा अंक, म्हणजे एका पर्शियन माणसाच्या स्वप्नाच्या आडून केलेली टीका. स्वप्नातल्या सभागृहात साध्या कपड्यांतला, छद्मी हसणारा माणूस सोन्याची थैली घेऊन शिरतो. नाणी उधळतो, सभासद ती वेचत असतात तेवढ्यात पवित्र सनद चुरगाळून खिशात कोंबतो, आणि अर्धी सभा साखळदंडांत दिसते. रोख तेव्हाचा मुख्य मंत्री रॉबर्ट वॉलपोल याच्यावर, पण त्याचं नाव कुठेच नाही. म्हणूनच नुसती मधली अक्षरं गाळून तिथे रेघ छापलेली नावं शोधून भागत नाही.

तक्त्यात प्रत्येक उल्लेखाला 3 रकाने ठेवलेत: छापलेलं रूप, प्रकार (रेघ, रूपक, किंवा आठव्या हेन्रीच्या वुल्झीसारखा इतिहासातला मंत्री) आणि खात्री. सरकारी बाजूच्या 'लंडन जर्नल' किंवा 'फ्री ब्रिटन'ने उत्तरात रोख उघड केला असेल तर 'अ', फक्त संदर्भावरून ठरवलं तर 'ब'. समासात मागाहून कुणी शाईने लिहिलेलं नाव 'क'. ते एका वाचकाचा तर्क आहे, पुरावा नव्हे. रेघेच्या लांबीवरून अक्षरं मोजू नका. जुळारी (खिळे जुळवणारे) ओळीत जागा उरेल तशी रेघ टाकत.

ओसीआर (प्रतिमेतली अक्षरं वाचणारी संगणकप्रणाली) सर्वांत जास्त घसरतो तो त्या काळच्या छपाईतल्या लांब 'एस'वर (ſ). तो 'एफ'सारखा दिसतो, पण आडवी रेघ उजवीकडे जात नाही. 'सेम'चं 'फेम' होतं आणि तोही खरा शब्द असल्याने शुद्धलेखन तपासणीत सुटतो. अशा जोड्यांची यादी करून प्रत्येक जागा मूळ प्रतिमेशी ताडावी. शब्दाच्या शेवटी नेहमीचाच 'एस' असतो, त्यामुळे तिथे 'एफ' दिसला तर तो बहुधा 'एफ'च.

तारखा: 1752 पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. 1 जानेवारी ते 24 मार्चच्या अंकांसाठी छापील आणि आजचं, दोन्ही वर्षं नोंदवायची. नाहीतर छापील वर्ष 1726 धरल्यास अंक 16 (आजच्या गणतीने 27 जानेवारी 1727) पहिल्या अंकाच्याही आधी जाऊन बसतो.

पुढचा टप्पा 2 जानेवारी 1731 चा अंक. त्यातल्या हेगहून (नेदरलँड्स) आलेल्या म्हणून छापलेल्या पत्रावरून मुद्रक रिचर्ड फ्रँकलिनला 1 वर्ष कैद आणि 100 पौंड दंड झाला. तेव्हा ज्यूरीने फक्त छापलं कुणी आणि रोख कुणावर एवढंच ठरवायचं. मजकूर बदनामीकारक की नाही हे न्यायाधीशाच्या हाती. ते 1792 च्या कायद्याने बदललं. विशेष म्हणजे हे पत्र रूपक नव्हतं, सरळ परराष्ट्र धोरणाची बातमी होती. त्यामुळे तक्त्यात 'थेट मजकूर' हा चौथा प्रकार लागेल, आणि आधीचे अंकही त्या नजरेने पुन्हा चाळावे लागतील.