टास्कबारचं बटण: कामाची रोजनिशी

सोमवार

अ‍ॅप छोटंसंच, घरी केलेलं. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांमध्ये टाइप केलेला मजकूर फोल्डरभर वाचायचा आणि युनिकोडमध्ये करून ठेवायचा. भाषा सी-शार्प, आणि विंडो बनवायला मायक्रोसॉफ्टची जुनी चौकट विनफॉर्म्स. फायली हजारभर असल्या की वेळ लागतो, आणि वापरणारा विंडो मिनिमाइझ करून दुसऱ्या कामाला लागतो. मग ‘झालं का’ हे बघायला ती सारखी वर आणायची. टास्कबारवरचं बटण हे आपलं आपण सांगू शकतं, विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून.

डब्ल्यूपीएफ, म्हणजे त्यानंतरची चौकट, असतं तर ‘टास्कबारआयटमइन्फो’ तयार मिळतो आणि अर्ध्या तासात काम उरकतं. विनफॉर्म्समध्ये मात्र ‘आयटास्कबारलिस्ट३’ हा कॉम इंटरफेस (विंडोजच्या भागांशी बोलायच्या मेथडींची ठरलेली यादी) हातानं लिहून घ्यावा लागतो. इथे पहिला खड्डा: हवी ती एकच मेथड उचलून लिहिता येत नाही. कॉम मेथडचं नाव बघत नाही, तिचा क्रमांक बघतो. एचआरइनिट, अ‍ॅडटॅब, डिलीटटॅब, अ‍ॅक्टिव्हेटटॅब, सेटअ‍ॅक्टिव्हअल्ट, मार्कफुलस्क्रीनविंडो अशा सहा ओळी वापरायच्या नसल्या तरी त्याच क्रमाने आधी आल्या पाहिजेत, सातवी सेटप्रोग्रेसव्हॅल्यू. एक ओळ गाळली की भलतीच मेथड चालते. कधी अ‍ॅप कोसळतं, कधी नुसतं गप्प बसतं. गप्प बसणं जास्त वाईट. ऑब्जेक्ट बनवल्याबरोबर एचआरइनिट एकदा बोलवायचं, हेही विसरलं जातं.

दुसरा खड्डा वेळेचा. फॉर्मच्या लोडमध्ये, म्हणजे विंडो उघडतानाच, प्रोग्रेस (काम किती झालं ते दाखवणारी बटणावरची पट्टी) लावला तर बऱ्याचदा काहीच दिसत नाही, कारण टास्कबारवर बटण अजून आलेलंच नसतं. ‘टास्कबारबटनक्रिएटेड’ हे नाव रजिस्टरविंडोमेसेजला देऊन मेसेजचा नंबर घ्यायचा, विंडप्रॉकमध्ये, म्हणजे विंडोचे मेसेज जिथे येतात तिथे, तो येईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढचं सगळं.

मंगळवार

प्रोग्रेस दिसतो, पण खोटं बोलतो. ‘झालेल्या फायली भागिले एकूण फायली’ असा हिशोब धरला होता. शेवटची फाइल मोठी निघाली की पट्टी शेवटाजवळ येऊन तिथेच खिळते आणि बघणाऱ्याला वाटतं, अ‍ॅप हँग झालं. म्हणून आता हिशोब बाइट्समध्ये. दोन्ही आकडे ६४ बिटांचे असल्याने ओव्हरफ्लोची धास्ती नाही. प्रत्येक फाइलीमागे कॉल करायचीही गरज नाही. १०० मिलिसेकंदांत एकदा पुरे, आणि तोही यूआय थ्रेडवरून, म्हणजे विंडो सांभाळणाऱ्या थ्रेडवरून.

यातूनच एक चिवट दोष निघतो. काम संपलं, नोप्रोग्रेस (पट्टी काढण्याची सूचना) पाठवलं, पट्टी गेली, आणि क्षणात पुन्हा भरून उभी राहिली. कारण सरळ आहे. पाठीमागे काम करणाऱ्या थ्रेडने बिगिनइन्व्होकने यूआय थ्रेडकडे टाकलेलं एखादं अपडेट रांगेत पडून होतं, ते उशिरा चाललं. पट्टी बंद असताना सेटप्रोग्रेसव्हॅल्यू आली की विंडोज ती आपणहून नॉर्मल करून दाखवतं. उपाय म्हणजे ‘संपलं’ असा एक फ्लॅग, आणि अपडेट चालवण्याच्या ऐन वेळी त्याची तपासणी. रांगेत टाकताना तपासून उपयोग नाही.

रंगांबद्दल: अडखळलं तर लाल, थांबवलं तर पिवळं. लाल आपोआप जात नाही. वापरणाऱ्याने विंडो वर आणली, चूक पाहिली, की अ‍ॅक्टिव्हेटेड या इव्हेंटमध्ये आपणच काढायचं. नाहीतर बटण दिवसभर लालच.

बुधवार

न जमलेल्या फायलींचा आकडा बटणाच्या कोपऱ्यात दाखवायचा. हे काम सेटओव्हरलेआयकॉनचं, म्हणजे बटणावर छोटं चिन्ह (ओव्हरले) चढवणाऱ्या मेथडचं. नेहमीच्या १०० टक्के स्केलिंगला जागा १६ गुणिले १६ पिक्सेल. मराठी अ‍ॅप, म्हणून आकडाही देवनागरी. एवढ्याशा चौकोनात १ आणि ९ वेगळे ओळखू येईनात. वरची गाठ आणि खालची शेपटी एकमेकांत मिसळतात. जाड वजनाचा फाँट घेतला तर गाठीचं छिद्रच बुजतं. शेवटी आकडा सोडून दिला. लाल गोल आणि त्यात उद्गारचिन्ह, बस्स. नेमका आकडा वर्णनाच्या मजकुरात. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तो तिथून मिळतो.

आकडा दर वेळी नव्याने रंगवत असाल तर गेटएचआयकॉनने मिळालेलं हँडल (विंडोजने त्या चिन्हाला दिलेला क्रमांक) डिस्ट्रॉयआयकॉनने सोडायलाच हवं, नको असलेली मेमरी आपोआप सोडणारा गार्बेज कलेक्टर ते करत नाही. प्रक्रियेमागे अशा हँडलांची मर्यादा मुळात १०,००० आहे, आणि लांब चालणाऱ्या कामात ती गाठली जाते. शिवाय विंडोज १० मध्ये टास्कबारची छोटी बटणं निवडली असतील तर ओव्हरले दिसतच नाही. म्हणून महत्त्वाची गोष्ट फक्त तिथे ठेवू नये.

शुक्रवार

माउस बटणावर नेला की वर जो छोटा थंबनेल येतो, त्याखाली ‘थांबवा’, ‘पुढे चालू’, ‘फोल्डर उघडा’ अशी बटणं. जास्तीत जास्त ७. एकदा लावली की वाढवता येत नाहीत, काढताही येत नाहीत. म्हणून जेवढी कधीतरी लागतील तेवढी सुरुवातीलाच लावायची, नको ती हिडन ठेवायची आणि थंबबारअपडेटबटन्सने दाखवायची-लपवायची.

टूलटिप मराठीत असेल तर बटणाची माहिती ज्या स्ट्रक्चरमध्ये भरतो त्यावर कॅरसेट युनिकोड लिहायलाच हवं. सी-शार्प स्ट्रक्चरला मुळात अ‍ॅन्सी (युनिकोडच्या आधीची पद्धत) धरतं. मग ‘थांबवा’च्या जागी प्रश्नचिन्हं येतात एवढ्यावर भागत नाही: २६० अक्षरांची जागा ५२० बाइट्सऐवजी २६० बाइट्सची होते, त्यापुढचा फ्लॅग सरकतो, आणि बटण का लपलं याचा शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

क्लिक झालं की डब्ल्यूएम-कमांड हा मेसेज येतो. त्याबरोबरच्या आकड्याच्या वरच्या शब्दात (वरच्या १६ बिटांत) हेक्स १८००, खालच्यात बटणाचा आयडी. अ‍ॅप अ‍ॅडमिन म्हणून चालत असेल तर एक्सप्लोररचा हा मेसेज अडवला जातो, आणि टास्कबारबटनक्रिएटेडही. दोन्हींना चेंजविंडोमेसेजफिल्टरइएक्सने वाट करून द्यायची. त्याहून बरं म्हणजे अ‍ॅडमिन मागूच नये. मजकूर बदलायला तो कशाला हवा?

शनिवार

बटणावर उजवं क्लिक केलं की येणारी यादी, म्हणजे जंप लिस्ट. आधी अ‍ॅपला स्वतःचा आयडी, कोणतीही विंडो उघडण्यापूर्वी. १२८ अक्षरांच्या आत, स्पेस न ठेवता. तो कुणी वाचत नाही, त्यामुळे तिथे मराठीचा आग्रह नको. पायथॉनमध्ये लिहिलेल्या अ‍ॅपला तर हा आयडी पहिल्या दिवसापासून द्यावा, नाहीतर टास्कबारवर पायथॉनचंच चिन्ह मिरवतं. आयडी देण्यापूर्वी अ‍ॅप पिन केलेलं असेल तर अ‍ॅप चालू केल्यावर एकाची दोन चिन्हं दिसतात. अनपिन करून पुन्हा पिन करायचं.

‘मागचा फोल्डर पुन्हा करा’ हा टास्क दाबला की अ‍ॅपची नवी प्रत सुरू होते, चालू असलेल्या प्रतीला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून म्युटेक्सने (एका वेळी एकाच प्रतीला धरता येणारी खूण) तपासायचं, आधीची प्रत सापडली तर नेम्ड पाइपमधून (दोन प्रोग्रामांमधल्या नळीतून) निरोप द्यायचा आणि नव्या प्रतीने बाहेर पडायचं. पण निरोपाआधी नव्या प्रतीने अलाउसेटफोरग्राउंडविंडो बोलवावं. पुढे येण्याचा हक्क आत्ता तिच्याकडे आहे. तो दिला नाही तर जुनी विंडो वर येण्याऐवजी टास्कबारवर नुसती लुकलुकते.

रात्री शेवटची चाचणी: रूपांतर चालू असताना टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट. टास्कबार परत आला, बटण आलं, पण कोरं. पट्टी नाही, थंबनेलखाली काही नाही. टास्कबारबटनक्रिएटेड दुसऱ्यांदा आला होता, पण कोड ‘बटणं आधीच लावली आहेत’ असं धरून परत फिरत होता. तो फ्लॅग काढला. आता मेसेज जितक्या वेळा येईल तितक्या वेळा बटणं, ओव्हरले आणि पट्टीची शेवटची स्थिती नव्याने लागते.