घोट्याच्या टेंडनचं ऑपरेशन : माझा अनुभव

पाय मुरगळला की सगळे आधी लिगामेंटचं, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्याचं, नाव घेतात. माझंही निदान तेच झालं होतं. पण सूज उतरली तरी घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे ठणका राहिलाच, आणि खडबडीत जागी पाय दगा द्यायचा. एमआरआयमध्ये कळलं, की त्या हाडामागून जाणाऱ्या दोन पेरोनियल टेंडनपैकी (टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी) ब्रेव्हिस नावाचं उभं चिरलंय. आडवं तुटलं नव्हतं, त्यामुळे मी चालत होते आणि कुणाला शंका येत नव्हती. घोटा जखडणारा बूट, फिजिओ सगळं करून झालं, फरक शून्य.

शेवटी ऑपरेशन ठरलं, आणि त्याचं संमतीपत्र वाचून मी चक्रावले. निम्म्याहून जास्त टेंडन चांगलं असेल तर खराब भाग काढून उरलेलं शिवायचं. तेवढं चांगलं नसेल तर ते शेजारच्या दुसऱ्या टेंडनला, लाँगसला, जोडून टाकायचं. टेंडन ज्यातून जातात ती हाडातली खाच उथळ असेल तर तीही खोल करायची. यातलं काय, ते पाय उघडल्यावरच ठरणार. "मग एमआरआय कशाला काढला?" असं मी विचारलंच. एमआरआयमध्ये चीर दिसते, पण टेंडन किती खराब झालंय ते डोळ्यांनीच बघावं लागतं, डॉक्टर म्हणाले. हे पचायला जड गेलं, पण किमान आधी सांगितलं हे बरं.

कमरेखाली भूल दिली. माझं टेंडन शिवण्याजोगं निघालं.

खरी कसोटी घरी आल्यावर. पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, टेकवायचा अजिबात नाही. जरा खाली सोडला की बोटं जांभळी पडायची आणि टाक्यांत ठणठण सुरू. कुबड्यांचा भार काखेवर नाही, तळहातांवर घ्यायचा, हे फिजिओने दटावून शिकवलं. दोन आठवड्यांनी टाके निघाले, मग बूट आणि हळूहळू वजन.

व्यायामात सगळ्यात चिवट निघाला तो तळपाय बाहेरच्या बाजूला वळवायचा. रबरी पट्टा लावून पाय वळवायला जावं, तर गुडघाच फिरायचा. पाऊल जागचं हलायचं नाही. फिजिओ गुडघा धरून बसायची, तेव्हा कुठे बोटभर सरकायचं.

पावलाची बाहेरची कड अजून बधिर आहे. तिथली संवेदना देणारी नस कापाच्या अगदी जवळून जाते. हा धोका आधीच विचारून घ्या. संध्याकाळी मोजा काढला की अजून त्याचा वळ उमटलेला असतो. जिने आता सरळ उतरते, धावायला मात्र अजून परवानगी नाही.